"अ‍ॅडजस्ट कर" एवढंच सांगून मुलांना फ्रान्सला पाठवू नका

मागच्या महिन्यात एक्सचेंजला निघालेल्या मुलांच्या पालकांची मीटिंग होती, मी पुण्यात फ्रेंच शिकवते म्हणून मलाही बोलावलं होतं. दहा महिने फ्रान्समधल्या एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्या लिसेमध्ये, म्हणजे आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या वयाच्या शाळेत जायचं असा हा कार्यक्रम. व्हिसा, इन्शुरन्स, थंडीचे कपडे हे सगळं पंधरा मिनिटांत आटपलं आणि पुढचा दीड तास एकाच विषयावर गेला, जेवण. एका बाजूचं म्हणणं, आमची मुलगी शाकाहारी आहे, तिला शाकाहारी घरच मिळालं पाहिजे, नाहीतर पाठवायचंच कशाला. दुसरी बाजू म्हणे लोकांच्या घरी फुकट राहायचं आणि वर नखरे करायचे हे चालणार नाही, जैसा देस वैसा भेस, पानात पडेल ते खायचं आणि अ‍ॅडजस्ट करायचं. आवाज चढले, संस्कार निघाले, कुणाचा तरी पुतण्या तिकडे जाऊन बिघडला तेही निघालं. आणि ज्यांना जायचंय ती मुलं मागच्या रांगेत गप्प बसून होती. दीड तासात त्यांना एकानंही विचारलं नाही की बाळा, तुला काय वाटतं.

माझं म्हणणं असं आहे की हा वादच चुकीच्या जागी चाललाय. फ्रेंच घरात आपलं मूल रुळतं की नाही हे ताटात काय पडतं यावर फारसं ठरत नाही, ते तोंड उघडून बोलतं की नाही यावर ठरतं. आणि "अ‍ॅडजस्ट कर" याचा आपल्या घरांमधला खरा अर्थ असतो "गप्प बस". बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्याला अ‍ॅडजस्ट करायला सांगतात, सुनेला अ‍ॅडजस्ट करायला सांगतात, तेव्हा अर्थ हाच असतो ना, की तुला होणारा त्रास बोलून दाखवू नकोस? हाच सल्ला बरोबर बांधून आपण सोळा वर्षांचं पोर अशा देशात पाठवतो जिथे गप्प बसलेल्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

मी स्वतः २००८ साली, सोळाव्या वर्षी, आंजे शहराजवळच्या एका छोट्या गावात अशीच राहिले होते. पहिल्याच रात्री टेबलावर ग्रातँ होतं, बटाट्याचे पातळ काप दूध आणि क्रीममध्ये घालून ओव्हनमध्ये भाजलेले, वर खरपूस तपकिरी पापुद्रा, कडेला थोडी करपलेली साय. मला ते फार आवडलं. होस्ट आईनं भांडं माझ्यापुढे धरून विचारलं, अजून घेणार? मी मनापासून हसून म्हटलं, "मेर्सी". भांडं पुढे गेलं. मला वाटलं परत येईल, आपल्याकडे येतंच की. नाही आलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या रात्री मी बॅगेतला चिवडा अंथरुणात बसून खाल्ला, पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून ती पांघरुणाखाली धरून. झालं होतं असं की फ्रेंचमध्ये कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं मेर्सी म्हणालात, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "नको, धन्यवाद" असाच घेतात. हवं असेल तर "उई" म्हणायचं, किंवा "व्होलोंतिए", म्हणजे आनंदानं. मी रोज हसतमुखानं नको म्हणत होते आणि ती बाई रोज माझ्या नकाराचा मान राखत होती. हे कळायला मला नऊ दिवस लागले, कारण मी विचारलंच नाही. निघताना आजीनं बजावून सांगितलं होतं, लोकांच्या घरी हावरटासारखं मागायचं नाही.

आता यात कुणाचं चुकलं? आजीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि यजमानानं तिसऱ्यांदा वाढायचं, या दोन गोष्टी मिळून एक रीत होते. तिचं अर्धं माप घेऊन मी गेले, दुसरं अर्धं तिथे नव्हतंच. फ्रेंच घरात आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं. तू नको म्हणालीस ना, मग नको. त्यात कोरडेपणा नाही, आदर आहे, पण तो आदर त्यालाच पोचतो ज्याला आपलं हो आणि नाही नीट सांगता येतं.

बरं, टेबल ही फ्रान्समध्ये काय चीज आहे तेही बघा. २०१० साली युनेस्कोनं फ्रेंचांच्या जेवणाच्या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि तो मान कुठल्या एका पदार्थाला दिलेला नाही, एकत्र बसून, क्रमानं, गप्पा मारत जेवण्याला दिलाय. त्यांच्या कामगार कायद्यात कामाच्या जागी बसून जेवायला बंदी आहे, म्हणजे डेस्कवर डबा उघडायचा नाही, उठायचं आणि नीट जेवायला जायचं. कोविडमध्ये फेब्रुवारी २०२१ ला ती बंदी तात्पुरती उठवली तेव्हा त्याची बातमी झाली होती. अशा देशातल्या घरात संध्याकाळी साडेसात-आठला "आ ताब्ल" अशी हाक येते, टीव्ही बंद होतो, पाव ताटात न ठेवता सरळ टेबलक्लॉथवर ठेवायचा, मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत, मांडीवर हात ठेवायचे नाहीत, गोडाच्या आधी चीज येतं, आणि हे सगळं तास-दीड तास चालतं. या वेळात शाळेतल्या मास्तरांपासून सरकारपर्यंत सगळ्यावर वाद होतात, बापाचं म्हणणं पोरगा खोडून काढतो आणि कुणी त्याला उलट बोलू नकोस म्हणत नाही. मग मान वळते तुमच्याकडे, आणि तुला काय वाटतं? आपलं मूल म्हणतं, चांगलं आहे. रोज चांगलं आहे. तिसऱ्या आठवड्यात घरातल्यांना वाटायला लागतं की हिला इथे करमत नाहीये, हिला आपण आवडत नाही. त्यांच्याकडे शब्द आहे "फेर ला तेत", रुसून तोंड पाडून बसणं. मूल बिचारं नम्रपणे वागत असतं आणि घराला वाटतं ते रुसलंय. ज्या देशात बारावीच्या मुलांना बाक नावाच्या बोर्डाच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो, त्या देशात सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मत असणारच असं सगळे धरून चालतात. मत नसलं तर त्यांना तो संकोच वाटत नाही, अंतर ठेवणं वाटतं.

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ही कुटुंबं बहुतेक कार्यक्रमांमध्ये एक पैसाही न घेता मुलाला ठेवून घेतात. खोली देतात, खाऊ घालतात, शाळेत सोडतात, आजारी पडलं तर रात्री जागतात. त्यांच्यापुढे मागण्यांची यादी ठेवायची का? आणि इथे लोक हमखास वार लावून जेवण्याचं उदाहरण देतात, मीटिंगमध्येही दिलं एका काकांनी. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं जेवून शिकले, मिळेल ते खाल्लं, मोठे झाले. खरं आहे, आणि त्या मुलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण काका, तो मुलगा गप्प का होता? बोलला असता तर वार सुटला असता म्हणून. ते अन्न उपकाराचं होतं आणि त्याला ते रोज जाणवत होतं. एक्सचेंज या शब्दातच देवाणघेवाण आहे. त्या कुटुंबानं अनाथ मूल पदरात घेतलेलं नाही, त्यांना त्यांच्या घरात एक भारतीय मुलगी हवी आहे, तिच्या गोष्टी, तिची मतं, तिचे सण, तिची भाषा हवी आहे. ती जर दहा महिने फक्त जेवली आणि हसली तर त्यांना काय मिळालं? फुकट राहण्याची परतफेड गप्प राहून होत नाही, झालीच तर बोलून होते.

या होस्ट फॅमिली प्रकाराचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एएफएस ही संघटना, तिनं दुसऱ्या महायुद्धानंतर शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली, कारण ज्यांनी जखमी सैनिक उचलले त्यांना वाटलं की पुढच्या पिढीनं एकमेकांच्या घरात राहून बघावं. १९६३ साली फ्रान्स आणि जर्मनीत एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संस्था काढली, तिच्यातर्फे आजवर लाखो मुलं इकडून तिकडे गेली. विचार करा, युद्ध संपून जेमतेम अठरा वर्षं झालेली, घरातला कुणीतरी त्या युद्धात गेलेला, आणि टेबलावर समोर जर्मन पोरगं बसलंय. तिथे नुसतं गोड हसून आणि पानातलं संपवून काय साधलं असतं?

आता शाकाहाराकडे येते, कारण तो प्रश्न खराच आहे आणि त्याला नखरे म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण त्याचं उत्तर "शाकाहारी घरच द्या" हेही नाही. आपल्याच दोन बायकांकडे बघा. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या आणि न्यू जर्सीमधल्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. साडी नेसून, शाकाहारी राहून. अठरा वर्षांच्या मुलीला हे जमलं कसं? जायच्या आधी जवळजवळ तीन वर्षं दोघींचा पत्रव्यवहार चालला होता, आम्ही काय खातो, काय नेसतो, काय पाळतो, का पाळतो, सगळं लिहून झालं होतं. दाराशी पोचल्या तेव्हा त्या घराला परक्या राहिल्याच नव्हत्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींकडे उतरल्या, तिथे बाप्तिस्मासुद्धा घेतला, पण आहार सोडला नाही. अंडं घातलेलं पुडिंगही खायच्या नाहीत, आणि त्यांच्या या पथ्यात तिथल्या लोकांना गर्व दिसायचा. रमाबाई गप्प बसल्या का? पत्रांवर पत्रं लिहून त्यांनी आपली बाजू मांडली, धर्मावरही वाद घातला, आणि त्यातून नातं तुटलं नाही. दोघींपैकी एकीनंही शाकाहारी घर मागितलं नव्हतं, आणि मिळेल ते गिळलंही नव्हतं. दोघींनी सांगितलं.

सांगायचं म्हणजे नेमकं सांगायचं हे मात्र शिकवावं लागतं. "मी व्हेजिटेरियन आहे" एवढ्यानं भागत नाही. फ्रेंचमध्ये मांसाला व्यांद म्हणतात, पण कित्येक घरांमध्ये व्यांद म्हणजे फक्त मटण-बीफसारखं लाल मांस, त्यामुळे मासे चालतील असं ते प्रामाणिकपणे धरतात, कीश नावाच्या खाऱ्या पायमध्ये लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात ते त्यांच्या गणतीतच नसतात, कामाँबेरसारखं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. यातलं मला काय चालतं आणि काय नाही हे आधी स्वतःशी ठरवायचं आणि मग फॉर्मवर लिहायचं. मला माहितीये की कित्येक पालक फॉर्मवर "सगळं खाते" असं लिहितात, चांगलं घर हातचं जाऊ नये म्हणून. तिथेच पहिला दगा होतो, कारण त्या घरानं मुलीचं स्वागत करायला आवडीनं रोस्ट केलेलं असतं. आणि फ्रान्सला शाकाहार कळत नाही हेही आता जुनं झालं, २०१८ च्या कायद्यानं शाळेच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणं सक्तीचं झालं आणि २०२१ मध्ये ते कायमचं झालं. त्याच वर्षी लियोंच्या महापौरांनी कोविडमध्ये कँटीनची रांग लवकर सरकावी म्हणून काही काळ बिनमांसाचा एकच मेन्यू ठेवला तर थेट मंत्र्यांनी टीका केली, देशभर वाद पेटला. म्हणजे आपली मुलगी जो विषय घेऊन त्या टेबलावर बसते तो त्यांच्या घरातलाही चालू वादाचा विषय आहे. तिनं तो मांडला तर ऐकणारे कान तयार आहेत.

दुसरा मुद्दा, तोही रास्त, की सगळं आपल्याच पोरांनी का शिकायचं, त्यांनी नको का थोडं वाकायला? हवंच. पण हे विचारणाऱ्यांनी आपल्याकडे येणाऱ्या फ्रेंच मुलांचे हाल बघितलेत का? पुण्यात एक्सचेंजवर आलेली एक मुलगी माझ्याकडे रडत आली होती. ती "नों मेर्सी" म्हणायची आणि पानात तिसरी पुरणपोळी पडायची. ताट उचलू देत नव्हते, एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ देत नव्हते, खोलीचं दार लावलं की दोन मिनिटांत कुणीतरी बरं वाटत नाही का म्हणून दार उघडायचं. घरचे जीव ओवाळून टाकत होते तिच्यावर आणि तिचा जीव गुदमरत होता. मी तिला म्हटलं, काकूंना सांग ना. ती म्हणाली, त्यांना वाईट वाटेल. बघा, म्हणजे तिलाही कुणीतरी अ‍ॅडजस्ट करच सांगून पाठवलं होतं. हा दोष एकट्या आपल्या संस्कृतीचा आहे असं माझं म्हणणं नाहीच, पण आपण आपल्या मुलांना तयार करून पाठवू शकतो, दुसऱ्यांच्या मुलांना नाही.

आणखी एक आक्षेप असतो, मोठ्यांपुढे बोलणं म्हणजे उद्धटपणा. इथे भाषेचाच एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. फ्रेंचमध्ये तू आणि व्हू असे दोन शब्द आहेत, आपल्या तू आणि तुम्हीसारखे. होस्ट आई पहिल्याच दिवशी सांगते, मला तू म्हण. आपली मुलं आदर म्हणून आठ-आठ महिने व्हू म्हणत राहतात आणि तिला वाटतं ही मुलगी जवळ यायलाच तयार नाही. पण आपण आईला काय म्हणतो? अगं आई, तू. बहुतेक मराठी घरांत आईला तुम्ही कुणी म्हणतच नाही. म्हणजे जवळच्या माणसाला एकेरी हाक मारणं हे आपल्या रक्तात आहे, फक्त ते कुणासाठी वापरायचं एवढंच ठरवायचंय. उलट जिथे आपण खरंच उद्धट ठरतो ते आपल्या ध्यानातही येत नाही. सकाळी उठून खाली आलं की प्रत्येकाला बोंजूर म्हणायचं, झोपायला जाताना प्रत्येकाला बोन न्युई. आपण आईला कुठे गुड मॉर्निंग म्हणतो, आपण चहा टाकलास का विचारतो. मीठ मागताना "मीठ दे" याचं सरळ फ्रेंच केलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं, मराठीत "दे ना" मधला तो "ना" जे काम करतो ते तिकडे "सिल त प्ले" करतो आणि तो दर वेळी लागतो. खोडून बोललात तर चालतं, बोंजूर चुकलात तर चालत नाही. हे आधी कुणी सांगितलं तर किती मनस्ताप वाचेल!

माझी एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या घरात कपडे आठवड्यातून एकदा एकत्र मशीनला लागायचे. मला माझे आतले कपडे परक्या बाईच्या हातात द्यायची इतकी लाज वाटायची की मी ते रात्री बेसिनमध्ये धुऊन खोलीतल्या हीटरवर वाळत घालायचे, पहाटे काढून घ्यायचे. महिन्याभरानं होस्ट आईनं ते बघितलं. ती चिडली नाही, ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं विचारलं, आमच्या घरात तुला काही अस्वच्छ वाटतं का? तिनं महिनाभर माझ्या टोपलीत ते कपडे कधीच नाहीत हे बघितलं होतं आणि मनात हाच अर्थ लावला होता. मी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं, नाही, मला लाज वाटते. तिनं "आ बों", म्हणजे असं होय, म्हटलं, मला जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन कसं लावायचं ते दाखवून बुधवारची दुपार माझ्या नावावर केली, कारण बुधवारी दुपारी शाळा नसायची. तीन शब्दांनी सुटलेली गोष्ट मी महिनाभर अ‍ॅडजस्ट केली होती.

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. सोळाव्या वर्षी, अर्ध्या भाषेत, दुसऱ्याच्या घरात बोलणं सोपं नसतं, सत्ता त्या घराची असते. काही घरं खरंच वाईट निघतात. माझ्या वेळच्या एका मुलाला घरात सरसकट लहान भावंडं सांभाळायला लावायचे, त्यानं शेवटी स्थानिक को-ऑर्डिनेटरला सांगून घर बदलून घेतलं. तिथे टेबलावरच्या संवादानं काही होत नाही, तिथून निघायचंच. पण तो निघू शकला कारण तो बोलला. ज्याला ग्रातँ अजून हवंय हे सांगता येत नाही, त्याला हे घर मला नको हे सांगता येईल का? लहानसहान हो-नाहीची सवय असेल तर मोठा नकार तोंडातून निघतो.

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी मागच्या रांगेतल्या एका मुलीजवळ गेले, जिच्या शाकाहारावरून अर्धा तास भांडण झालं होतं, आणि तिला विचारलं तुला कशाची काळजी वाटते गं. ती म्हणाली, मॅडम, जेवणाचं काही नाही, अंडं चालतं मला. त्यांच्या घरात मोठा कुत्रा आहे आणि मला कुत्र्याची भीती वाटते, लहानपणी चावलाय. तिच्या आईबाबांना हे माहीत होतं, पण हे तिथे सांगायचं असतं असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिथेच खुर्च्या ओढून बसलो आणि होस्ट आईला फ्रेंचमध्ये मेल लिहिली, वाक्यं तिची, व्याकरण माझं. काय खाते, काय नाही, आणि कुत्रा. रात्रीच उत्तर आलं, लांबलचक, त्यात पहिलाच प्रश्न होता की तू येशील तेव्हा कुत्र्याला काही दिवस मामाकडे ठेवू, की तू इथे आल्यावर आपण दोघी मिळून हळूहळू त्याची तुझ्याशी ओळख करून देऊ, तुला काय बरं वाटेल? मुलगी दोन दिवस विचार करत होती. काल क्लासला आली तेव्हा तिनं वहीच्या मागच्या पानावर उत्तराचा कच्चा मसुदा लिहून आणला होता, तीन ठिकाणी खोडलेला, आणि मला म्हणाली, व्याकरण तपासा फक्त, बाकी काही बदलू नका.